जिथे कुणाचा पाय पडत नाही

मुळगावात थंडीच्या सकाळी धुकं इतकं खाली उतरतं की परसातला माड कमरेपर्यंतच दिसतो. वरती डोकं आहे की नाही ते ऊन आल्यावर कळायचं. त्या थंडीत मी रोज चहाचा कोप हातात धरून मागच्या दारी उभी असायचे आणि कुंपणाच्या आतल्या भोपळ्याच्या वेलीकडे बघत राहायचे. पिवळी फुलं नुकती उमलत असायची. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा लांब कुठेतरी वाजायचा, गावाच्या कुठल्या टोकाला ते कळायचं नाही. चहा निवून जायचा. आता आठवायला गेले तर त्या दिवसांतलं निम्मं मी जागेपणी बघितलं की अर्धवट झोपेत, ते मलाच नीट सांगता येत नाही. वेल मात्र खरी होती. आणि तिची पानं दिवसेंदिवस लहान होत चालली होती, तेही खरं होतं.

होईनात का लहान, भाजीच्या वेलीचं एवढं काय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण ती वेल ह्यांनी लावली होती.

हे म्हणजे माझे घरकार. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवण्यात ह्यांची उमर गेली. मग खाण बंद पडली, ट्रक विकला, आमची लेक लग्न होऊन गेली, आणि ह्या सगळ्याच्या मागोमाग छातीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश. हे घरी आले आणि जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खुर्चीत बसले ते बसलेच. जेवायचे, गोळ्या घ्यायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. फक्त एक नवी खोड लागली. पुढची कुठलीही गोष्ट काढली की म्हणायचे, "कित्याक?" म्हणजे कशाला? चपलेचा अंगठा तुटला, मी म्हटलं, नवीन घेऊया चांगल्या चामड्याच्या, दोन-तीन वर्षं बघायला नको. "कित्याक? हीच शिवून घे." पावसाआधी कौलं परतूया म्हटलं. "कित्याक? बघूया तेवां." चवथीला यंदा गणपतीवर फळाफुलांची माटोळी मोठी बांधूया, म्हटलं. "बघूया, कोण असता कोण नाय." आज बाजारात बांगडे आले नाहीत, असं सांगावं तितक्या शांतपणे हे म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. मला राग पटकन येतो, आणि भीती वाटली तर जास्तच येतो.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या, ऐंशीच्या घरात आल्या तरी कमरेत ताठ. त्या म्हणाल्या, "माझ्या झिलाक नजर लागली हा." आणि त्यांनी रोज तिन्हीसांजेला ह्यांची दृष्ट काढायला सुरुवात केली. हे खुर्चीतच पूर्वेकडे तोंड करून बसायचे आणि सासूबाई मूठभर मीठ, मोहरी आणि मिरच्या त्यांच्यावरून उतरवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी ते सगळं चुलीत टाकलं. मिरच्यांचा धूर झाला, ह्यांना खोकला आला, आणि छातीचे टाके सांभाळत उशी छातीशी धरून हे कितीतरी वेळ खोकत राहिले. मी निक्षून सांगितलं, "आई, ह्या घरात आता धूर नको." दुसऱ्या दिवसापासून मिरच्या गेल्या, मीठ-मोहरी राहिली. ती कोपभर पाण्यात सोडून त्या मागच्या दाराने बाहेर जायच्या. मी त्या वेळी देवाकडे दिवा लावत असायचे. पाणी न्हाणीच्या मोरीत ओतत असतील, असं मी धरून चालले होते.

मीठसुद्धा दुकानातलं बारीक त्यांना चालत नसे. जाडं, पेडण्याकडच्या मिठागरातलं हवं. माझं माहेर तिकडचंच, समुद्रकाठच्या हरमलचं, म्हणजे ते आणायचं काम कुणाचं, हे सांगायला नको.

हरमललाच माझा भाऊ खोल्या भाड्याने देतो. त्याच्याकडे दर थंडीत येऊन राहणारा एक गोरा म्हातारा आहे. त्याने भावाला मोबाईलवर आपल्या बागेतल्या भोपळ्याचा फोटो दाखवला होता आणि जाताना बियांची पुडी दिली होती. भाऊ भाऊबिजेला आमच्याकडे आला तेव्हा गंमत म्हणून ती पुडी घेऊन आला. फोटोत भोपळ्याच्या बाजूला स्कूटर उभी होती आणि स्कूटरच बिचारी लहान दिसत होती. आम्ही हसलो. हे हसले नाहीत. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग पुडी नाकाला लावून वास घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी होती. हे परसात उभे होते, काठीने जमिनीवर रेघ ओढत. कुदळ उचलायची ह्यांना बंदी, म्हणून मी खणलं आणि ह्यांनी बोट दाखवलं. आमच्या घरात इतकी वर्षं बोट मी दाखवते आणि खणतात हे, त्यामुळे ही अदलाबदल मला मुळीच आवडली नाही. पण मी खणत राहिले. भोपळा पिकायला महिने लागतात. ज्या माणसाला पुढच्या महिन्यातली चप्पल नको होती, त्याने महिनोन्‌महिने वाट बघायची वस्तू लावली होती. मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे बघितलं. एवढं एक झाड ह्यांच्या हाताला यावं, दुसरं मागणं नाही, असं मी त्या दिवशी देवाकडे म्हटलं.

कोंब वर आला तसं ह्यांनी चिव्याच्या, बारीक बांबूच्या काठ्यांचं कुंपण घालून घेतलं. असल्या वेलीची मुळं वरच्यावर, लांबपर्यंत धावतात, पायाखाली माती दबली की गुदमरतात, असं त्या गोऱ्याने सांगून ठेवलं होतं. हे दारात उभे राहून म्हणाले, "ह्याच्या आत कोणाचो पाय पडता नये." आवाज खाणीवरचा, जुना. मला इतकं बरं वाटलं की मी कोंबड्यांनासुद्धा दम भरला.

सुरुवातीची पानं काय सुंदर आली होती. ताटाएवढी, केसाळ, हात लावला की खरखर. दुपारी घर झोपलं की मी जनेलातून बघायचे, वेल सरकत असल्यासारखी वाटायची. एकदा मला स्वप्न पडलं की ती उंबऱ्यावरून आत आली आहे आणि ह्यांच्या खुर्चीखाली तिने एक भोपळा धरला आहे. जाग आली तेव्हा हे खरोखरच खुर्चीत नव्हते. परसात होते.

मग पानं लहान यायला लागली. जुनं पान ताटाएवढं, त्याच्यापुढचं बशीएवढं, शेंड्याकडची तर माझ्या तळहातात मावतील एवढीच. रंग काळपट हिरवा, पान जाड, कडा वर वळलेल्या आणि करपलेल्या. हे काठी टेकत कुंपणाबाहेरून फिरायचे आणि प्रत्येक पानाकडे, हॉस्पिटलात आपले रिपोर्ट बघायचे त्याच तोंडाने बघायचे. ते तोंड मला पुन्हा बघायचं नव्हतं.

म्हणून मीच कंबर कसली. पहिला संशय धुळीवर. खाणीचे ट्रक परत सुरू झाले होते आणि रस्त्याकडची तांबडी धूळ आमच्या परसापर्यंत येते. कुंपणावरून वाकून मी ओल्या फडक्याने पानं पुसली. लहान मुलाचं तोंड पुसावं तशी रोज पुसली. पानं स्वच्छ झाली, मोठी झाली नाहीत. मग वाटलं रोग असेल. लेकीच्या शाळेतलं भिंग शोधून काढलं आणि पानं उलटून बघितली. पांढरी माशी नाही, कोळी नाही. रोग असता तर पानावर पिवळे-हिरवे डाग पडले असते, पान वेडंवाकडं झालं असतं. इथे तसं काही नव्हतं. पान नुसतं भ्यायल्यासारखं आकसलं होतं. मग खत कमी पडलं म्हणून खत वाढवलं, तर कडा आणखी करपल्या. ह्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "पुरे. आता काय घालू नको." आणि खुर्चीत जाऊन बसले.

शेवटी मी माती पिशवीत भरून शेतकी खात्याच्या कचेरीत तपासायला दिली. निकाल आला तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, "तुमचं शेत समुद्राकडे आहे काय? मातीत मीठ फार आहे. मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, पाणी असून वेल तहानलेली राहते. म्हणून पानं वाढत नाहीत." मी म्हटलं, मुळगावात समुद्र कुठला आणायचा? घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "समुद्र नाय, पण समुद्राकडची सून असा मगे."

झालं. खड्डा भरताना मी भावाकडून आणलेल्या सुक्या मासळीचा चुरा घातला होता. आमच्याकडे हरमलला माडाला घालतात. तो मी आधी धुऊन, दोनदा पाणी बदलून घातला होता, पण माझं ऐकतो कोण? "खाऱ्या मासळेन वेल मारली," हे सासूबाईंनी शेजारणीलाही सांगितलं. मी भांडले. सुनेचं माहेर म्हणजे वाटेवरचा दगड, येणाऱ्या-जाणाऱ्याने ठोकर मारावी, असंही म्हणाले. हे खुर्चीतून ऐकत होते. माझ्या बाजूने एक शब्द नाही. उलट त्यानंतर ह्यांनी रोज सकाळी पंप लावून वाफ्यात पाणी सोडायला सुरुवात केली, इतकं की पाणी पाटाने वाहून पलीकडच्या ओहोळात जायचं. मी म्हटलं, तहानलेल्याला पाजताय की बुडवताय? हे नुसते बघत राहिले वाहत्या पाण्याकडे. आणि एवढं पाणी देऊनही पानं तशीच.

मग एका तिन्हीसांजेला दोरीवरचे कपडे काढायला मला उशीर झाला. दिवा लावायचा राहिला होता. बांधापलीकडे धूर आणि धुकं एकत्र होऊन शेतावर टेकलं होतं आणि त्यात सगळं, माड, गोठा, कपडे, एकाच रंगाचं झालं होतं. मागचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. एका हातात कोप, त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा झाकणासारखा. दृष्ट काढून बाहेर पडलेल्या बाईशी बोलायचं नसतं आणि तिनेही बोलायचं नसतं, मागे बघायचं नसतं. म्हणून मी कपडे छातीशी धरून गप्प उभी राहिले. त्या न्हाणीकडे वळल्या नाहीत. सरळ कुंपणाशी गेल्या, दोन काठ्यांच्या मधून हात आत घातला आणि कोप वेलीच्या बुंध्याशी रिता केला. पाणी सगळं उतरावं म्हणून कोप थोडा हलवला. मग वळल्या आणि मागे न बघता घरात गेल्या.

दृष्टीचं पाणी जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी ओतायचं असतं. कुणी ओलांडलं तर ती पीडा त्याला लागते. आणि आमच्या सगळ्या परसात कुणाचाही पाय पडणार नाही अशी जागा एकच होती. तशी ताकीदच होती मुळी.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. माझ्या माहेरची मासळी सुटली. आता ह्यांना बसवते समोर, सासूबाईंनाही बसवते, शेजारणीलाही बोलावते, असं मनात म्हणत मी घरात शिरले. सासूबाई पाय धुऊन ह्यांच्या खुर्चीपाशी उभ्या होत्या. ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, हे टक्कल पडलेले साठीचे, आणि त्या म्हणत होत्या, "आज वायच बरा वाटता ना रे?" दिवा लावायचा होता म्हणून मी दिवा लावला.

सकाळी ह्यांना एकट्याला गाठून सांगायचं, असं ठरवून मी लवकर उठले. धुकं होतं. हे माझ्याआधीच बाहेर होते. कुंपणाच्या आत, माती दबू नये म्हणून टाकलेल्या फळीवर उकिडवे बसलेले, आणि बुंध्याजवळून कसली तरी इवली रोपं उपटून खिशात भरत होते. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. मोहरी होती. दोन-दोन पानांची, कोपातून पडली तशी गोलात उगवलेली.

"तुमका ठाऊक होता?" मी विचारलं.

"माती चाखलंय मी," हे म्हणाले. "मोहरी काय आपसूक उगवता? तुझ्या त्या कागदाच्या आधीच कळला."

रोज संध्याकाळी आई मीठ ओतत होती आणि रोज सकाळी मुलगा पंप लावून ते धूत होता. पाणी त्यासाठी होतं. मला गहिवरून आलं, पण राग आधी आला. "आणि माझ्या म्हायेराक शिव्या पडत होत्यो, त्या गप ऐकलात?"

हे हसायला लागले. छातीवर हात दाबून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ऑपरेशननंतर ह्यांना हसताना मी बघितलं नव्हतं. "तुका कोण बोलला तर तू परत बोलतंस," हे म्हणाले. "आई तशी नाय. तिका कळला की आपल्या हातान वेल गेली, तर ती दिष्ट काढूचीच सोडतली. मगे तिन्हीसांजेक ती काय करतली गो? तिच्या हातात दुसरा काय असा?"

मी पुढे झाले आणि राहिलेली मोहरी उपटायला लागले. मुळं ओली होती, हाताला गार लागत होती.

त्याच दिवशी ह्यांनी कुंपण काढायला लावलं. घरात जाहीर केलं की वेल आता मोठी झाली, तिला वारा हवा. मग त्याच काठ्या मी न्हाणीमागच्या नव्या माडाच्या रोपाभोवती पुरल्या आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "ह्या माडाकडे कोणाचो पाय पडता नये." तिन्हीसांजेला मी मुद्दाम दोरीपाशी घुटमळले. सासूबाई कोप घेऊन आल्या. उघड्या वाफ्यापाशी थबकल्या. तिथे एक कोंबडी खुशाल चरत होती. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माडाकडे वळल्या. माडाला मीठ मानवतं, हे हरमलचं शेंबडं पोरही सांगेल.

पुढे पंप चालूच राहिला. शेंड्याला आलेली पानं पहिल्यांदा बशीएवढी, मग ताटाएवढी झाली. पण वेळ निघून गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. वेलीने एकच भोपळा धरला आणि तो कळशीएवढा होऊन थांबला. स्कूटर राहू दे, फोटोत ह्याच्या बाजूला सायकलीची घंटी ठेवावी लागेल, असं भाऊ फोनवर म्हणाला. मी फोन ठेवून दिला. मला ह्यांच्या तोंडाची धास्ती होती. वेल सुकली की हे परत खुर्चीत जाऊन बसतील आणि ह्या वेळी उठणार नाहीत, असं मला रात्रंदिवस वाटत होतं.

भोपळा ह्यांनी स्वतः चिरला. सोप्यावर बसून, कोयत्याने, अलगद. मी भाजीसाठी फोडी घेतल्या आणि आतला गर टाकायला उचलला, तर ह्यांनी माझा हात धरला. गरातून एकेक बी बोटांनी सोडवली. पाण्यात धुतली. चुलीतली राख मागून घेतली, बिया राखेत घोळल्या आणि सुपात पसरून ऊन येत होतं तिथे ठेवल्या. सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या.

"त्या कित्याक?" मी विचारलं. माझ्या तोंडून ह्यांचाच शब्द बाहेर पडला.

"फुडल्या वर्साक," हे म्हणाले. सुपातल्या बिया नीट करत होते, मान वर केली नाही. "ह्या जाग्यार नको. थय, विहिरीकडे लावूया."

मी फोडी घेऊन आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. पोटभर रडले, इतक्या महिन्यांचं रडले. बाहेर सासूबाई उठून जुन्या वाफ्यापर्यंत जाऊन आल्या.

तिन्हीसांजेला हे पूर्वेकडे तोंड करून बसले. सासूबाईंनी मिठाच्या डब्यात हात घातला आणि नेहमीसारखी मूठ भरली. मग ती मूठ डब्यावरच थोडी सैल केली. मीठ बोटांमधून परत खाली पडत राहिलं आणि त्यांच्या हातात चिमूटभर उरलं.

"आता इतक्याच पुरे," त्या म्हणाल्या.